क्लिप काढली की इंजिन बंद! ग्लो प्लगपायी गेलेले माझे तीन रविवार

मॉडेल विमानाचं एक जुनं ४६ साइजचं टू-स्ट्रोक इंजिन हातात आलं, म्हणजे साधारण साडेसात सीसी. ग्लो प्लग, म्हणजे तापलेल्या तारेच्या कॉइलनं इंधन पेटवणारा प्लग, आधीच बसवलेला होता, फुकट मिळालाय तर कशाला बदला म्हणून तोच ठेवला आणि तिथेच माशी शिंकली.

सुरू व्हायचं मस्त, प्रॉपला (पंख्याला) दुसऱ्या-तिसऱ्या फ्लिकला. इग्नायटर (प्लगला बॅटरीची वीज देणारी क्लिप) लावलेला असेपर्यंत सुरात चालायचं, पण क्लिप काढली की आवाज खाली बसायचा आणि चार-पाच सेकंदांत फुस्स. मला वाटलं मिश्रण रिच आहे, म्हणजे इंधन जास्त जातंय, म्हणून नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) आत घेतली. जरा जास्त चाललं. मग हावरटपणा, अजून दोन क्लिक आत, अजून दोन... फुल थ्रॉटलला काय किंचाळत होतं, मी खूष, आणि अचानक बंद. प्लग काढला तर कॉइलचा शेवटचा वेढा तुटून लोंबतोय आणि उरलेली तार चकचकीत असायची ती पांढुरकी, खरखरीत झालेली. लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालवून मीच जाळला होता.

त्या आधी मी तो प्लग बाहेर काढून बॅटरीवर तपासलाही होता बरं का, दीड व्होल्टवर छान केशरी पेटला, म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही. पण बॅटरीवर पेटणं म्हणजे तार शाबूत आहे एवढंच, प्लग हॉट (तार जास्त तापलेली ठेवणारा) आहे की कोल्ड (कमी) ते त्यातनं कळत नाही. जळल्यावर त्याच्यावरचा नंबर शोधला तर तो निघाला कोल्ड, जास्त नायट्रोवर (इंधनातलं नायट्रोमिथेन) पळणाऱ्या मॉडेल कारच्या इंजिनांसाठीचा. आणि माझ्या इंधनात नायट्रो ५ टक्के!

गंमत अशी आहे की क्लिप काढल्यावर प्लगला बाहेरनं वीज मिळतच नाही. कॉइलमध्ये प्लॅटिनम असतं, इंधनातल्या मिथेनॉलची वाफ त्याला लागली की तिथेच उष्णता तयार होते, त्यात कॉम्प्रेशन आणि आधीच्या स्फोटाची धग, एवढ्यावर तार लाल राहते. नायट्रो कमी तर धग कमी, म्हणून हॉट प्लग पाहिजे. नायट्रो वाढलं, कॉम्प्रेशन वाढलं की कोल्डकडे सरकायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, वाचलं होतं, पण डोकं नीडलमध्येच अडकलं होतं.

दुसऱ्या रविवारी हॉट प्लग आणला, आयडल बारवाला, म्हणजे तोंडावर आडवी छोटी पट्टी असते, आयडलवरनं थ्रॉटल उघडताना कच्चं इंधन तारेवर उडून ती विझू नये म्हणून. क्लिप काढली, आवाजात फरक शून्य. वाटलं जिंकलो. आणि मग मीच शहाणपणा केला, इंधन संपलं म्हणून १५ टक्के नायट्रोवालं भरलं. प्लग तोच. फुल थ्रॉटलला बारीक तडतड ऐकू यायला लागली, आरपीएम हवं तसं चढेना, नीडल उघडून पाहिली तरी तडतड जाईना. म्हणजे आता स्फोट वेळेआधीच होत होता. लगेच बंद केलं, असंच दामटलं असतं तर प्लग गेलाच असता, वर प्रॉपही सैल होऊन उडू शकतो.

तिसऱ्या रविवारी मीडियम, ओएस कंपनीचा ८ नंबर. आणि या वेळी नीडलला हात लावायच्या आधी तांब्याचा वॉशर नीट बसलाय का पाहिलं, कारण मागच्या खेपेला तो जुन्या प्लगबरोबरच निघून गेला होता आणि प्लगच्या बुडाशी तेलाचे बुडबुडे येत होते (हे वेगळंच दुखणं). प्लग लाँग रीच (आत जाणारा भाग लांब) आहे की शॉर्ट तेही बघा, छोट्या हेडमध्ये लांब प्लग घातला तर पिस्टनला टेकू शकतो. आणि एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या हॉटसारखा निघतो, नुसत्या नावावर जाऊ नका.

सुरू केलं, मिनिटभर गरम होऊ दिलं, आयडलला आणलं, प्रॉपच्या मागनं हात घालून क्लिप काढली आणि कान लावून उभा राहिलो. आवाज तसाच. थ्रॉटल झटकन उघडला, न अडखळता चढला, तडतड नाही. मग नीडल पूर्ण लीनपासून दोन-तीन क्लिक बाहेर ठेवली आणि आख्खी टाकी संपवली.

तो जळका प्लग डबीत ठेवलाय अजून. झाकणावर मार्करनं लिहिलंय, "आधी नंबर वाच."