हिंदमाताचं उघडं झाकण

पावसाळ्याचे चार महिने मी मुंबईत, हिंदमाताला असायचो. ठेकेदाराचे डिझेलवरचे उपसा पंप, त्यावर मी आणि एक हेल्पर. करार जून ते सप्टेंबर. बाकीचे आठ महिने तिथली गटारं काय करतात ते मला ठाऊक नाही, पण अंगात पिवळा रेनकोट असला की लोकांच्या लेखी आपणच महापालिका. "वर्षभर झोपा काढता का रे?" हे दर पावसात ऐकायचं आणि पाइप ओढत राहायचं.

हिंदमाता म्हणजे बशी. दादर-परळच्या मधला खोलगट तुकडा, आजूबाजूचं सगळं पाणी तिथे उतरतं. तिथून ते जमिनीखालच्या जुन्या वाहिनीने पूर्वेला रे रोडकडे, ब्रिटानिया पंपिंग स्टेशनपर्यंत जायचं आणि मग समुद्रात. पल्ला लांब, उतार नावापुरता. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलेलं. आता मुरायला माती कुठाय? ही ताकद दुप्पट करा असं सांगणारा अहवाल १९९३ सालचा. तो खऱ्या अर्थाने आठवला २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडल्यावर.

आणि आमचा पंप? तो रस्त्यावरचं पाणी ओढून पुढच्या मॅनहोलमध्ये सोडणार. म्हणजे त्याच वाहिनीत. ती तुंबलेली असली की आम्ही तेच पाणी गोल फिरवत बसतो. डिझेल मात्र खरंखुरं जळतं.

२९ ऑगस्ट २०१७. मंगळवार, पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन. सकाळपासून झोड सुरू होती. दुपारपर्यंत पुलाखाली कंबरभर पाणी. दर दहा मिनिटांनी पंपाचा आवाज बदलायचा, की समजायचं जाळी चोंदली. मग पाण्यात हात घालून चाचपडायचं. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, आणि त्या दिवशी जास्वंदीचे हार, दुर्वांच्या जुड्या. आदल्या दिवशी कुणीतरी हात जोडून वाहिलेल्या. हार-जुड्या मी पंपाच्या चौथऱ्यावर ठेवत गेलो. कचऱ्यात टाकवेनात.

कापडाच्या दुकानातले शेठ गल्ल्यावर चढून बसले होते. खालच्या फळीतले ड्रेसपीस भिजून गेलेले. म्हणाले, "अरे भाऊ, ते समोरचं झाकण उघड ना. दरवर्षी उघडतात."

खरंच उघडतात. रस्त्यावरच्या बारीक जाळ्यांतून पाणी थेंबाथेंबाने जातं. झाकण काढलं की तोंड मोकळं. पण उघडणाऱ्याने तिथून हलायचं नाही, हा नियम मला पहिल्याच वर्षी मुकादमांनी घालून दिला होता. मी आणि हेल्परने पहारीने ते बिडाचं झाकण सरकवलं. भोकात बांबू उभा केला. शेठने लाल कापडाचा तुकडा फाडून दिला, तो टोकाला बांधला.

कंबरभर गढूळ पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसतं कसं, तर दिसतच नाही. भोवरा वगैरे काही नाही. पाण्यावर वाटीएवढी खळी पडते, तिच्याभोवती एखादी चप्पल, थर्माकोलचा तुकडा हळूहळू फिरत राहतो. पायाला मात्र ओढ लागते.

माणसं येत होती, कुणी छत्री धरून, कुणी मूल खांद्यावर घेऊन. मी ओरडत होतो, "डावीकडून, डावीकडून या!" एक बाई थांबल्या. केईएम रुग्णालयाकडे निघालेल्या असाव्यात, हातात फाइल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. विचारलं, "हे काम नक्की कुणाचं हो?" मी म्हटलं, "ताई, आधी डावीकडून जा."

चारच्या सुमारास पंप घुसमटला. हेल्परला बांबूपाशी उभं केलं आणि मी गेलो. जाळी काढली, पाइपात पाणी भरलं, पुन्हा सुरू केला. दहा मिनिटं, फार तर पंधरा. परतलो तर हेल्पर नाही. पलीकडे बंद पडलेल्या टॅक्सीत आजी अडकल्या होत्या, टॅक्सी ढकलायला गेलेला. पोरगं चांगलं होतं हो, त्यात वाईट काय केलं त्याने? पण बांबूही नव्हता. तो तरंगत दुकानांच्या पायऱ्यांना जाऊन लागला होता, लाल कापड पाण्यात सपाट पसरलेलं. आणि माणसं येतच होती. मी पायाने चाचपडत काठ शोधला आणि तिथे उभा राहिलो. रात्री पाणी उतरून झाकण बसेपर्यंत हललो नाही. लघवीलाही नाही.

मग वही भरली. झाकण उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, उपस्थित कर्मचारी.

दोन दिवसांनी बातमी आली. त्याच दुपारी, आमच्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर, एल्फिन्स्टन स्टेशनजवळ एक नामवंत डॉक्टर गाडीतून उतरून घराकडे चालत निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह वरळीला सापडला. सांताक्रूझला त्या दिवशी ३००हून जास्त मिलिमीटर पाऊस झाला होता. मग पाण्याच्या जुन्या वाहिन्यांवर, प्लॅस्टिकवर, भरतीवर, नालेसफाईवर पुष्कळ चर्चा झाली. मॅनहोलखाली जाळ्या बसू लागल्या. पुढे हिंदमाताच्या पाण्यासाठी मैदानाखाली, बागेखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. तरी २६ मे २०२५ला, जून उजाडायच्या आत पाऊस आला आणि हिंदमाता भरलंच.

डॉक्टरांच्या प्रकरणात पोलिसांनी चार जणांना पकडलं. झाकण उघडल्याचा आरोप. बातमी मी दोनदा वाचली. मग मला आमची वही आठवली. उपस्थित कर्मचाऱ्यांच्या रकान्यात त्या रात्री माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'सतत'. खाली सही.