तुम्ही विचारलंत म्हणून: सहा वाक्यांची वही

केंब्रिजची सी-वन अ‍ॅडव्हान्स्ड ही इंग्रजीची परीक्षा मी दिली, हे कळलं की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. ज्यांना परीक्षेला बसायचं नसतं ते म्हणतात, "भाषांतरावर पोट भरतेस, तुला कसलं आलंय टेन्शन?" ज्यांना बसायचं असतं ते हळूच विचारतात, "ती वाक्यं फिरवून लिहायची असतात ना, त्यांचा सराव कसा केलात?" पहिल्यांना मी नुसती हसते, कारण टेन्शन त्या वाक्यांचंच होतं. हे उत्तर दुसऱ्यांसाठी.

आपल्याकडे बहुतेक जण आयईएलटीएस देतात आणि तिच्यात हा प्रकारच नाही, म्हणून आधी थोडक्यात सांगते. रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश हा 90 मिनिटांचा पेपर, त्यात 56 प्रश्न. चौथ्या भागात सहा वाक्यं. एक पूर्ण वाक्य, खाली एक ठळक शब्द आणि त्याखाली मधे गाळलेली जागा असलेलं दुसरं वाक्य. तो शब्द जसाच्या तसा वापरून, तीन ते सहा शब्दांत जागा भरायची. अर्थ तोच राहिला पाहिजे. प्रत्येक उत्तराला दोन मार्क, अर्ध्या-अर्ध्या भागाला एकेक. 'इझन्ट' लिहिलंत तर दोन शब्द मोजतात, 'कान्ट' मात्र एकच, कारण 'कॅनॉट' हा मुळात एक शब्द. अशा बारीकसारीक गोष्टींवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. तेवढी गरज नव्हती.

पहिल्या सराव पेपरात मला या भागात 12 पैकी 4 मिळाले. आपण 'नो सूनर... दॅन', 'रिमूव्ह टू' करत दहावी-बारावी काढलेली माणसं! पण घोळ तिथेच होता. बोर्डाच्या पेपरात काय करायचं ते शेजारी लिहिलेलं असायचं. साचा पाठ, वाक्य ओतलं, मार्क घेतले. मराठीच्या पेपरातही तेच. 'अर्थ न बदलता नकारार्थी करा: तो हुशार आहे.' आपण लिहायचो, 'तो मठ्ठ नाही', आणि बाई बरोबरची खूण करायच्या. आता एखाद्या आईला तिच्या तोंडावर सांगून बघा, तुमचा मुलगा मठ्ठ नाही म्हणून. अर्थ बदलला की नाही ते चहा मिळतो का यावरून कळेल.

माझे आठ मार्क याच सवयीपायी गेले. त्यातलं एक वाक्य साधारण असं होतं: 'द मॅनेजर सेड द डिले वॉज हर फॉल्ट.' शब्द दिलेला 'ब्लेम'. खाली 'द मॅनेजर', मग रिकामी जागा, मग 'द डिले'. मी झटकन लिहिलं, 'ब्लेम्ड हर फॉर'. व्याकरण चोख, अर्थ तोच, पण दिलेल्या शब्दाला हात लावायचा नसतो आणि मी त्याला शेपूट जोडलं होतं. तासभर चडफडल्यावर वाक्य मोठ्यांदा मराठीत म्हणून पाहिलं: मॅनेजरनं खापर तिच्यावर फोडलं. आणि समोर आलं, 'पुट द ब्लेम ऑन हर फॉर'. सहा शब्द. 'सेड शी वॉज टू ब्लेम फॉर' हेही चालतं, तेही सहाच.

तेव्हापासून सरावाची वही तीन रकान्यांची झाली. डावीकडे साधं वाक्य, मधे मराठीत त्याचा जीव, उजवीकडे फिरवलेलं वाक्य. आणि प्रश्न मी उलटे बनवायला लागले: वाचताना एखादा चांगला वाक्प्रयोग दिसला की तो उजवीकडे लिहायचा, मग डावीकडचं साधं वाक्य आपणच रचायचं. आठवड्यानं उजवा रकाना झाकून सोडवायचं. आपणच घातलेलं कोडं आपल्यालाच सुटत नाही, हा अनुभव फार उपयोगाचा असतो. सोसायटीत उद्या पाणी नाही अशी नोटीस लागली, तर वहीत गेलं: 'देअर विल बी नो वॉटर टुमॉरो, सो वुई विल जस्ट हॅव टू मॅनेज.' शब्द 'विदाउट'. मधल्या रकान्यात 'पाण्यावाचून भागवावं लागेल', आणि उजवीकडे 'विल हॅव टू डू विदाउट'.

मराठी दगाही देते, हे सांगितलं पाहिजे. 'पाण्याविषयी चर्चा झाली' आणि 'पाण्याविषयी चर्चा केली', आपलं 'विषयी' दोन्हीकडे तेच. इंग्रजीत 'हॅड अ डिस्कशन' म्हटलं तर 'अबाउट' हवं आणि 'डिस्कस्ड' म्हटलं तर नको. मी तिथे लाल पेनानं 'विषयी खा!' असं लिहून ठेवलं होतं.

रोज किती वाक्यं, असंही विचारतात. मी सहाच करत असे, दहा मिनिटांत. त्याहून जास्त केली की हात पुन्हा साचे पाडायला लागतो.

धीर हवा असेल तर एक सांगते. याच परीक्षेची थोरली बहीण, प्रोफिशिअन्सी, 1913 साली पहिल्यांदा झाली. 12 तासांचे पेपर, त्यात भाषांतरही होतं. तिघं बसले आणि तिघंही नापास झाले.

वही अजून चालू आहे, परीक्षा होऊन गेली तरी. कालच ग्रुपवर निरोप आला, लिफ्ट चालत नाहीये. 'द लिफ्ट इझन्ट वर्किंग.' शब्द देते 'ऑर्डर'. सोपं आहे, करा.