आमची वाटचाल : बावडा-शिये रस्त्यावर ठरलेली गोष्ट

आमच्या अण्णांचं कोल्हापुरात शाहूपुरीत पंक्चर आणि ओव्हरऑइलिंगचं दुकान. चाकाचा आऊट काढताना ते एकेका तारेला टिचकी मारायचे आणि आवाजावरून ढिली तार ओळखायचे. दुकान गिअरच्या सायकलींकडे वळवलं ते मी. २०१९ च्या महापुरात पाणी आत शिरलं, माळ्यावर चढवलेल्या फ्रेमा तेवढ्या वाचल्या. त्याच ऑक्टोबरात गोव्यात आयर्नमन ७०.३ ही ट्रायथलॉन शर्यत पहिल्यांदा झाली : १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. तेव्हापासून गिऱ्हाईक एकच विचारत येऊ लागलं, "दादा, ह्यातली कुठली जास्त पळंल?"

मी कंपनीचं पत्रक बघून उत्तर द्यायचो. एका सरांना दुकानातली सगळ्यात महाग ट्रायथलॉन सायकल तशीच दिली. महिन्याभरात ते परत आले. "वीस मिनिटांच्या वर वाकून बसाय जमंना बघा, पाठ धरतीया." म्हणजे उरलेला सगळा वेळ ते ताठ बसून छातीवर वारा घेत होते. चूक माझी होती. आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

सपाटीवर वेग ३० वरून ३६ वर न्यायचा तर वारा कापायला लागणारी ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते. आणि वारा अडवतं ते मुख्यतः स्वाराचं अंग, फ्रेमचा वाटा बराच कमी. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेले एरोबार, म्हणजे हँडलच्या पुढे येणारे दांडे लावून, कोपरं टेकवून त्याने २४.५ किलोमीटर मारले आणि ८ सेकंदांनी टूर जिंकली.

मग आम्ही सायकली स्वतःच तपासायला लागलो. पहाटे वारा उठायच्या आत, बावडा-शिये रस्ता. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधी उरकावं लागतं. स्वार एकच, कपडे आणि हेल्मेट तेच, टायरची हवा मोजून, पायाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर २०० वॅट धरून जाऊन-येऊन फेरी. पहिली सायकल, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. पहिलीच्या दोन फेऱ्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर त्या दिवसाचे आकडे आम्ही टाकून देतो. असे कितीतरी रविवार वाया गेलेत, पण त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

दोन महागड्या ट्रायथलॉन फ्रेमांमधला फरक आम्हाला बऱ्याचदा धड पकडताच आला नाही. साध्या रोड सायकलवर ताठ बसणं आणि तिच्यावरच एरोबार लावून कोपरं आत घेणं, यातला फरक मात्र दर वेळी दिसला. फडफडणारा टी-शर्ट आणि जाडजूड टायरही वेळ खातात. पन्हाळ्याच्या चढाला गणित वेगळं : स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर एक किलो म्हणजे सव्वा टक्का, तिथे हलकी रोड सायकलच बरी.

ट्रायथलॉन सायकलचं खरं बळ तिच्या बैठकीत आहे. रोड सायकलच्या सीटचा पाइप साधारण ७३ अंशांत असतो, हिचा ७६ ते ७८ च्या आसपास. सीट पुढे आल्याने वाकूनही कंबर आवळत नाही आणि सायकलवरून उतरल्यावर धावायला मांड्या शिल्लक राहतात. म्हणून आता आधी माप, मग सायकल. सरांसाठी कोपराच्या गादीखाली घालायचे पाच आणि दहा मिलिमीटरचे अॅल्युमिनियमचे स्पेसर उद्यमनगरात लेथवर कातून घेतले. कातणाऱ्या मिस्त्रींनी एकच विचारलं, "पाच म्हंजे पाचच न्हवं?" तीस मिलिमीटर उंची वाढवली आणि सर तासभर न हलता बसले. सायकल तीच, जी परत करायला आणली होती. पत्रकाच्या हिशेबाने ती आता वाऱ्याला जास्त अडते. सरांची वेळ मात्र कमी झाली.

पावसाळ्यातल्या पुराचं पाणी ओसरून रस्ता कोरडा झाला की फेऱ्या पुन्हा सुरू करतोय. ज्यांना आपली सायकल तपासायची आहे त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला दुकानापाशी यावं. शर्यतीतले कपडे आणि बूटच घालून या.