खायचा नाही, तर पकडता कशाला?

लग्नाच्या पंगतीत, रामबागेतल्या नातेवाइकांकडे, एकदा तर तेराव्याच्या जेवणालाही मला हा प्रश्न विचारला गेला आहे. मासे खाणाऱ्यांना मी मूर्ख वाटतो आणि न खाणाऱ्यांना क्रूर. मी मात्र इतकी वर्षे दोघांना एकच उत्तर देत आलो, की मी मासा पकडतो आणि सोडून देतो, त्यात त्याचे काहीही जात नाही. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून आज सांगतो, की ते उत्तर खोटे होते आणि ते खोटे असल्याचे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे.

फ्लाय-फिशिंग म्हणजे काठावर गळ टाकून डुलक्या काढणे नव्हे, हे तुम्ही माझ्याकडून कंटाळा येईपर्यंत ऐकले आहे. गळावर पिसे बांधून केलेल्या खोट्या माशीला वजन जवळजवळ नसतेच. फेकले जाते ते दोरीचे वजन, आणि म्हणून दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत हात थांबवावा लागतो. तेवढे थांबणे शिकायला मला दोन हिवाळे लागले. शाळेच्या मैदानावर पाण्यावाचून चाललेला माझा तो सराव पाहून मुले हसत असत. मोराच्या गळालेल्या पिसांचे तंतू आणि कोंबड्याच्या मानेची पिसे मी डब्यांत भरून ठेवतो, आणि आमच्या घरात दिवाळीची साफसफाई त्या डब्यांवरूनच भांडणात संपते.

आता मे 1996 विषयी. ओंकारेश्वरचे धरण तेव्हा झालेले नव्हते आणि तिथून मोरटक्क्यापर्यंत खडकांमधून वाहणाऱ्या नर्मदेत महसीर, म्हणजे तिकडच्या लोकांचा बाडस, चांगला मिळत असे. काठावरच्या उंबराची फळे पाण्यात पडली की बाडस ती टिपायला येतो, हे एका केवटाने, म्हणजे नावाड्याने, मला दाखवले होते, आणि म्हणून मी तांबूस लोकरीचे उंबराएवढे बोंड गळावर बांधून नेले होते. बरोबर माझा अकरा वर्षांचा मुलगा होता. सकाळी काहीच लागले नाही. शहाण्या माणसाने दुपारी दोरी गुंडाळली असती, कारण पाणी जितके तापते तितका त्यातला प्राणवायू कमी होतो आणि दमलेल्या माशाला दम परत मिळत नाही. हे मी वाचलेले होते. तरीही मी फेकत राहिलो, कारण मुलाला दाखवायचे होते.

मासा लागला तो एकच्या सुमारास. मी त्याला किती वेळ झुंजवले ते सांगता येणार नाही, पण गरजेपेक्षा जास्त, कारण झुंज संपू नये असे मला वाटत होते. तो काठाशी आला तेव्हा त्याचे रुपयाएवढे खवले उन्हात पितळेसारखे दिसत होते. मुलाने कॅमेरा काढला, रीळ पुढे सरकेना, मी मासा दोन्ही हातांत उचलून उभा राहिलो आणि त्याला ‘अरे, नीट बघून दाब’ असे सांगत राहिलो. मग मी माशाला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरले, त्याने शेपटी हलवली, तो गेला, आणि मी मुलाला म्हणालो, ‘बघ, काहीही झाले नाही त्याला.’

अर्ध्या तासाने खालच्या वळणावर तो पोट वर करून दोन खडकांमध्ये अडकलेला दिसला. केवटाने तो उचलला आणि मला नको असेल तर नेऊ का, असे विचारले. त्याच्या आवाजात दोष देणे नव्हते, आणि तेच मला अजून बोचते. परतीच्या बसमध्ये मुलगा एक शब्द बोलला नाही. तो फोटो धुऊन आला, चांगला आला, आणि मी तो कुठे ठेवला हे मला पक्के माहीत असूनही मी घरात सापडत नाही असे सांगितले.

त्यानंतर मी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो, मासा पाण्याबाहेर काढत नाही आणि होळीनंतर जात नाही. पण हे सांगताना मला माझाच जुना आवाज ऐकू येतो. ओंकारेश्वरच्या घाटावर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य मिळवतात, मी त्याच माशाला पिसाने फसवतो. धरणांनी बाडसाची पावसाळ्यात अंडी घालायला वर जाण्याची वाट अडवली, त्यापुढे माझा एक गळ कोणत्या हिशेबात, असेही मी म्हणत असे. 2011 मध्ये मध्य प्रदेशाने महसीरला राज्यमत्स्य ठरवले तेव्हा तर जणू माझाच सत्कार झाला अशा थाटात मी पेढे वाटले! धरणाचे पाप खरेच आहे. पण 1996 मधला तो मासा धरणाने मारलेला नव्हता.

मग नदी नुसती बघायला का जात नाही, असे सूनबाई विचारते. तेही करून पाहिले. गेल्या हिवाळ्यात वाकापासून कापलेल्या, म्हणजे मासा अडकूच शकणार नाही अशा, गळांवर बांधलेली पिसे घेऊन चोरल नदीच्या पाण्यावर गेलो. खंड्या दिसला, पाण्याखालची वाळू दिसली, माशाने एकदा पीस ओढून सोडलेही. साडेअकरालाच मी निघालो. इतक्या लवकर कसे आलात, असे बायकोने विचारले, तेव्हा वारा फार होता असे मी सांगितले.