मातीचा विस्तव

‘टर्फ’ म्हटलं की आमच्या पुण्यात जाळी लावलेलं, तासावर भाड्याने मिळणारं हिरवं मैदान आठवतं. त्यामुळे आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमारात, ज्या बाईंकडे मी उतरले होते त्यांनी पहिल्याच संध्याकाळी “बाहेरून जरा टर्फ आणतेस का?” म्हटलं, तेव्हा मी चांगलीच बावचळले.

परसात भिंतीला लागून काळपट विटांची रास होती. एक उचलली. वीट म्हणावी तर हलकी, गोवरी म्हणावी तर शेणाचा वास नाही. नखाने कुरतडलं तर आत बारीक मुळं, गवताच्या काड्या. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली, जळणाची माती. तिथल्या दलदलीत पाणी इतकं मुरलेलं असतं की खाली हवा पोचत नाही. शेवाळ मरतं, पण धड कुजत नाही, आणि थरावर थर चढत राहतो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे फूटभर उंचीच्या विटेत तीनशे वर्षं! हा हिशेब मी शेकोटीपाशी बसून केला आणि पुढची वीट आत टाकताना हात अडखळला. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “असू देत गं तीनशे. थंडी आजची आहे.”

टर्फ कापायचं एक खास हत्यार असतं, ‘श्लान’. लांब दांड्याच्या फावड्याला बाजूने काटकोनात आणखी एक पातं, म्हणजे एका घावात दोन बाजू सुटतात. निघते ती ओली, लोण्यासारखी लादी. ती पसरायची, जरा सुकली की चार-पाच लाद्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. हे सगळं वाकून. या कामाचं नाव काढताच बाईंचा हात आपोआप कमरेवर गेला. त्यांच्या लहानपणी पोरं शाळेत जाताना वर्गातल्या शेकोटीसाठी एकेक टर्फ काखेत मारून न्यायची. ओला आणला की मास्तरांची बोलणी. तरी काही पोरं ओलाच आणायची, हे सांगताना त्या इतक्या हसल्या की ती काही पोरं कोण, ते विचारायची गरज उरली नाही.

ही दलदल पोटात काय काय जपून ठेवते! डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘ओल्ड क्रोहन मॅन’ आहे, २००३ मध्ये सापडलेला. दोन हजार वर्षांहून जुना देह, आणि बोटांची नखं माझ्यापेक्षा नीट. मेयो परगण्यातली गोष्ट मला त्याहून आवडते. १९३०च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड नावाच्या शाळामास्तरांना टर्फ कापताना खोलवर दगडांच्या रांगा लागल्या. दलदल साठायच्या आधी कुणीतरी रचलेले शेताचे बांध! पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि लांब लोखंडी सळ्या खुपसून, फारसं न खणताच, त्याने ते बांध मैलोन्‌मैल नकाशावर आणले. आज ती जागा ‘केजा फील्ड्स’ म्हणून दाखवतात. शेतं पाच हजार वर्षांपूर्वीची मानतात. बांध आला म्हणजे बांधावरून भांडणंही असणार, असं मला उगाच वाटून गेलं.

हे सगळं आता आवरत आलंय. टर्फ जाळला की त्यात हजारो वर्षं कोंडलेला कार्बन हवेत जातो. १९४६ पासून दलदली उपसणाऱ्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने ते काम २०२१ मध्ये कायमचं बंद केलं, आणि २०२२ पासून दुकानांत टर्फ विकायला मनाई आहे. आपल्या हक्काच्या तुकड्यातून घरापुरता कापायची मुभा उरली आहे. कायद्याचं म्हणणं मला पटतं. त्या मातकट, गोडसर धुराने भरलेल्या खोलीत पाय शेकत बसून पटतं, एवढंच.

रात्री निजायच्या आधी बाईंनी निखारे एकत्र ओढले, वर राख पसरली आणि काहीतरी पुटपुटल्या. संत ब्रिजिडचं नाव तेवढं कानावर आलं. माझी आजी चुलीत असाच निखारा पुरून ठेवायची, पण देवासाठी नव्हे, काडी वाचवायला.

सकाळी उठून पाहिलं तर बाई राख बाजूला सारत होत्या. खाली लाल डोळा शाबूत. त्यावर दोन टर्फ उभे केले, फुंकर घातली आणि हात झटकून चहासाठी विजेच्या किटलीचं बटण दाबलं.