बैलानं मारलं नव्हतं हो!

मांडीमागची दुखापत बरी व्हायला दहा महिने लागले. त्या केसपेपरचा राग मात्र अजून उतरलेला नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. बॅले हा पाश्चात्त्य नाच मी व्हिडिओ बघून आणि महिन्यातले दोन रविवार नागपूरच्या क्लासला जाऊन शिकते. सरावाला धरायचा दांडा, म्हणजे बार, घरी गोठ्यातली आडवी बल्ली. डिसेंबरची पहाट, अंग गार, आणि मी पुढचा पाय विटेवर ठेवून स्प्लिट (एक पाय पुढे, एक मागे सरळ पसरून बसणं) आणखी खाली दाबत होते. बसायच्या हाडापाशी टक्कन झालं.

सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या भाऊंनी विचारलं, "काय झालं?"

"बॅले करताना पायाला लागलं."

"कुठं?"

"गोठ्यात."

त्यांनी लिहिलं, मी न वाचता कागद घेतला. तुम्ही वाचा, खिडकीवरच वाचा. सिमेंटच्या बाकड्यावर दोन तास काढले, तेही नेमके त्या दुखऱ्या हाडावर. आत गेले तर डॉक्टर म्हणाले, "शिंग कुठं लागलं?" कागदावर लिहिलं होतं : बैलाने मारले. मी सांगत राहिले, ते कागद दाखवत राहिले, आणि मला धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाठवलं. अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

दुरुस्तीला खिडकीवर आले तर खिडकी बंद. दुसऱ्या फेरीला कळलं, खाडाखोड चालत नाही, साहेबांची सही लागते, आणि साहेब कॅम्पला गेलेले. फिजिओथेरपीच्या ताई तिथे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, सहीशिवाय त्यांच्याकडे चिठ्ठी नाही. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला मी सीटवरून अर्धी उठत होते. आई म्हणाली, "बैलानंच मारलं म्हून सांगून दे नं वं! नाचता नाचता लागलं म्हनशीन तं लोकं हासतीन." तिसऱ्या फेरीला तिनं घरच्या कापसाची उशी बांधून दिली. ती पहिल्याच दिवशी न्यायला हवी होती. सही झाली तेव्हा कागदावर नवा शब्द आला : 'बेली नाच'. मी हात जोडले आणि निघाले.

ताईंनी पंधरा मिनिटांत जे सांगितलं, ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मांडीमागचे तीन स्नायू बसायच्या हाडाला कंडरेनं जोडलेले असतात. माझी कंडराच दुखावली होती, आणि मी ती 'मोकळी करायला' रोज ताणत होते. ताणलं की ती हाडावर दाबली जाते आणि जास्त चिडते. म्हणून ताणणं बंद. दिवसभर वाकून कापूस वेचणंही बंद (हे घरात पटवणं दवाखान्यापेक्षा अवघड गेलं). आधी ताकद : उताणं झोपून, टाचा रोवून कंबर उचलायची, पुढे एकेका पायावर. धावताना आखडलेला पाय लवकर सुटतो, सावकाश ताणताना दुखावलेला कितीतरी जास्त वेळ घेतो, असं त्या म्हणाल्या. मला खोटं वाटलं होतं.

आता सरावाआधी आवारात दहा मिनिटं चालते, मग पाय पुढे-मागे झुलवते. थांबून ताणणं सरावानंतरच, एका वेळी तीस सेकंद. पाठीला पोक न काढता कंबरेतूनच पुढे झुकते. मे महिन्यात नुसतं बसूनही घाम येतो, त्याला अंग तापलं म्हणायचं नाही. पायात मुंग्या आल्या तर ताण स्नायूला नाही, नसेला बसतोय, लगेच सोडायचं.

आणि हो, बेडकासारखं पालथं पडून मैत्रिणीला पाठीवर बसवू नका. मी बसवलंय. जांघेत पुढून चिमटा बसला की तिथे हाडाला हाड अडतंय असं समजायचं. खुब्याची घडण प्रत्येकाची वेगळी, ती जोर लावून बदलत नाही. टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, खुब्यातून येईल तेवढाच घ्यायचा. उरलेला पावलं फिरवून भरला की गुडघा बोंबलतो.

उजव्या स्प्लिटला जमीन अजून चार बोटं दूर आहे. वीट माठाखाली गेलीय.