फॉल्ट सापडेपर्यंत

हार्ड डिस्क बिघडल्याची खबर मला डोळ्यांआधी कानांनी दिली. दुपारची जेवणं झाली होती, गल्ली पेंगत होती, आणि टेबलावरच्या काळ्या डबीतून एरवी येणाऱ्या बारीक घरघरीच्या जागी वेगळंच काहीतरी यायला लागलं. टक्... टक्... टक्... मग हुंऽऽ असा एक सुस्कारा. मग शांतता. मग पुन्हा टक्.

पडद्यावर आधी काहीच आलं नाही. नंतर आलं ते असं की, ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? कुलूप उघडत नाही म्हणून चावीवाल्याला बोलवावं आणि त्यानं घर पाडून देऊ का असं आपुलकीनं विचारावं, तसला हा प्रश्न. मी 'नको' दाबलं आणि डबीला कान लावला.

"काय झालं?" आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

"डिस्क वाजालीय."

"महत्त्वाचं काय हाय त्यात?"

"काही नाही. सगळं दुसरीकडं पण आहे."

"मग झोपा की."

सल्ला अगदी बरोबर होता. त्या डिस्कवर सातबाऱ्याचे स्कॅन, घरातल्या लग्नांचे फोटो, थोडी नाट्यगीतं आणि इथल्या, कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्त्यांचे हलत्या हातांनी काढलेले व्हिडिओ, एवढंच होतं. त्या सगळ्याची एक प्रत कपाटात आणि एक राजारामपुरीत बहिणीकडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येताना ज्यांनी पाहिलंय, ते लोक एकाच घरात दोन प्रती ठेवून निर्धास्त होत नाहीत. म्हणजे डिस्क उचलून कचऱ्यात टाकली असती तरी माझं काही बिघडणार नव्हतं.

पण मला झोप येईना. वस्तू बिघडली याचं मला फारसं वाटत नाही, का बिघडली हे कळलं नाही की मात्र जेवण गोड लागत नाही. दुरुस्त नाही झाली तरी चालेल, पण फॉल्ट सापडला पाहिजे. या खोडीचं मूळ शिवाजी उद्यमनगरात आहे.

तिथं काकांची पत्र्याची शेड होती. इंजिन दुरुस्तीची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना घरात धुडगूस नको म्हणून तिथं पाठवलं जाई. करवीर, कागल, पन्हाळ्याकडचे शेतकरी टेम्पोत घालून डिझेल इंजिनं आणायचे. नदीकाठावर बसवलेली, उसाला पाणी देऊन देऊन दमलेली. शेडमध्ये सदा जळक्या डिझेलचा आणि ओल्या लोखंडाचा वास. बाहेर पेंड खाणारी एक म्हैस बांधलेली असे. ती कुणाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकांकडे एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्यानं स्क्रू कधी पिळला नसावा, टोक गुळगुळीत झालेलं. लाकडी मूठ तेल आणि घाम पिऊन काळीकुट्ट, आणि एका बाजूला झिजून चपटी. आलेलं इंजिन हँडल मारून चालू करायचं आणि भडाभडा वाजायला लागलं की टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. त्या वेळी शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, चहावाला पोरगासुद्धा किटली घेऊन दारातच थांबायचा. काका टोक इकडून तिकडं सरकवायचे आणि मग म्हणायचे, "टॅपेट न्हाई. खालचं बेरिंग."

मला कित्येकदा त्यांनी मूठ कानाला लावून दिली, पण मला फक्त भडाभडा ऐकू यायचं. एका सुट्टीत मात्र त्या भडाभडाच्या पोटात एक जादाचा कट् ऐकू आला. बारीक, दर फेऱ्याला येणारा.

"ऐकाय आलं?"

"आलं."

"कुठनं?"

मी बोट दाखवलं. काकांनी शाबासकी वगैरे दिली नाही. हातात पाना दिला आणि म्हणाले, "मग खोल की."

त्यांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन बदललास आणि चालू झालं, तर कशामुळं झालं ते इंजिन सांगाय येत न्हाई."

तर त्याच नियमानं आधी केबल. या पोर्टेबल डिस्कची केबल म्हणजे एक विचित्र प्रकार. एका टोकाला नेहमीचं तोंड, दुसऱ्याला चपटं, रुंद, मधे खाच असलेलं जोडतोंड. ते हळूहळू सैल होतं आणि डबी हलली की क्षणभर सुटतं. दुसरी केबल लावली. टक्. मग पोर्ट. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूची भोकं वापरायला सोयीची, पण तिथवर वीज आतल्या आणखी एका वायरीतून फिरून येते. शिवाय जुन्या यूएसबी २ च्या भोकातून पाचशे मिलीअँपिअर मिळण्याची हमी, तर ३ च्या निळ्या भोकातून नऊशे. डिस्कला खरी भूक लागते ती सुरुवातीला, आतली तबकडी उभ्या जागेवरून मिनिटाला ५४०० फेऱ्यांपर्यंत न्यायची असते तेव्हा. काकांची इंजिनं पंधराशे फेऱ्यांची, म्हणजे हिचा वेग त्यांच्या साडेतीनपट, आणि तोही खिशात मावणाऱ्या डबीत. वीज कमी पडली की मोटर उचल खाते, तबकडीवरचं वाचणारं-लिहिणारं हेड जागं होतं, पुरवठा बसतो, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोच टक्, तोच सुस्कारा.

गंमत अशी की, खरंच मरायला टेकलेल्या डिस्कचाही आवाज जवळजवळ हाच. तबकडीवर कारखान्यातच काही खुणा लिहून ठेवलेल्या असतात. त्या वाचून हेडला आपण कुठं आहोत ते कळतं. हेड दुखावलं असेल तर खुणा सापडत नाहीत. मग हेडचा हात मागं येतो, थांब्याला आपटतो, पुन्हा आत जातो. टक्. उपाशी आणि आजारी दोघं एकाच सुरात कण्हतात. फरक काढायचा कसा, एवढाच प्रश्न होता, आणि तो मला दुपारच्या झोपेपेक्षा फारच गोड वाटत होता.

मागचं निळं भोक, छोटी केबल. टक्.

मग जुनं एटीएम कार्ड घेऊन डबीच्या कडेत घातलं. या डब्यांना स्क्रू नसतात, नुसते प्लॅस्टिकचे आकडे. एक एक कट्‌कट् करत सुटतो, आणि दर वेळी आपण काहीतरी मोडलं असं वाटतं. आत निघाली ती ॲल्युमिनियमची चकचकीत वडी. तिच्या झाकणावर टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक आणि शेजारी इंग्रजीत ताकीद: हे भोक झाकू नका.

मी त्या भोकाकडे बराच वेळ बघत बसलो. आतमध्ये हवा लागते. तबकडी फिरते, तिच्याबरोबर हवा फिरते, आणि त्या हवेच्या पापुद्र्यावर हेड तरंगतं. तबकडी आणि हेड यांत अंतर काही नॅनोमीटर. माणसाचा केस जाडीला साठ-सत्तर हजार नॅनोमीटर भरतो, म्हणजे धुळीच्या कणाची तिथं काय कथा. भोकामागं गाळणी असते. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की डिस्क त्यातून श्वास घेते. आंबा घाटात वेगळा, कोकणात उतरल्यावर वेगळा. म्हणून ही वडी मात्र खोलायची नाही. पाना हातात असला तरी नाही. ती धूळमुक्त खोलीतच उघडतात आणि त्याचे पैसे ऐकले की डेटा आपोआप कमी महत्त्वाचा वाटायला लागतो.

खोलून बघणं हा कोल्हापूरचा जुनाच रोग. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्याखालून आम्ही रोज जातो आणि कुणी मान वर करत नाही. परदेशी कॅमेरा विकत न आणता आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी तो इथंच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी ते काम सोडलं नाही. दोनेक वर्षांत कॅमेरा तयार झाला आणि त्यावर चित्रपट निघाले. त्या काळातले मूकपट आज पाहायचे म्हटले तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच शिल्लक. फिल्म पेट घ्यायची, नाहीतर नुसती पडून पडून तिची भुकटी व्हायची. तिला ना टक् होतं, ना सुस्कारा.

असो. संध्याकाळी राजारामपुरीतल्या फोटोग्राफर मित्राकडे गेलो. लग्नाच्या शूटिंगवाल्या माणसाकडे मेलेल्या डिस्कचा एक कप्पाच असतो. वर कुणाचं लग्न, कोणती तारीख अशा चिठ्ठ्या. तो म्हणाला, "दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवू नको बरं का." हे मात्र खरं. डोळे झाकून चेकडिस्क चालवणं म्हणजे आजारी डिस्ककडून ओझी वाहून घेणं. आधी आहे तसं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट मिळणारं हत्यार त्यासाठी चांगलं, ते निमूट निघणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागी शेवटी परत येतं. मग काय ते प्रयोग त्या उतरवलेल्या प्रतीवर. फ्रीजरमध्ये ठेवायचा तोडगा सांगणारेही भेटतात. आषाढात कोल्हापुरात फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूला किती पाणी सुटतं, हे त्यांनी एकदा बघावं.

पाण्यावरून आठवलं. नदीकाठची इंजिनं दर दोन-चार वर्षांनी पुरात बुडायचीच. काकांचा निरोप गावोगाव गेलेला असे: पाणी उतरल्यावर हँडल मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. आणि कुणीतरी मारायचंच. "बघितलं नुसतं एकदा." २०१९ च्या पुरानंतर आमच्याच गल्लीतला एकजण चिखलातली डिस्क पिशवीत घालून आला, तेव्हा मी पहिलं विचारलं, लावून बघितली नाहीस ना? तो म्हणाला, "बघितली नुसती एकदा."

मित्रानं मला एक जास्तीची केबल दिली, एका बाजूला दोन शेपट्या असलेली, दोन भोकांतून वीज ओढणारी. घरी येऊन लावली. डिस्क फिरली. घरघर सुरू, टक् नाही. पडद्यावर फोल्डर उभे. वर क्षमता ९३१ जीबी. घेताना एक टीबी म्हणून घेतलेली. विकणारे हजारानं मोजतात, माझा कॉम्प्युटर १०२४ नं, आणि त्या फरकात आपले एकोणसत्तर जीबी जातात. चोर कुणीच नाही. डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंदवही ठेवते, ती उघडली. किती जागा खराब म्हणून बदलल्या? शून्य. किती जागांचा संशय आहे? शून्य.

म्हणजे उपाशीच होती तर. फॉल्ट सापडला. मी खुशीत काकांच्या नियमानं उलट तपासणी केली. जुनी केबल परत लावली, आता टक् यायला पाहिजे.

डिस्क फिरली. छान फिरली. पुढच्या भोकात लावली. फिरली. यूएसबी २ च्या भोकात, त्या सैल, जोडतोंडाच्या, दुपारी नाकारलेल्या केबलवर ती अशी काही मंद, सुखी घरघर करत बसली की मला तिला हाणावंसं वाटलं.

"झाली ना चालू?" बायको म्हणाली. "मी म्हटलो होतो ना."

काय म्हटली होती कुणास ठाऊक. पण तिला कसं सांगणार की आपोआप चालू झालेली वस्तू बिघडलेल्यापेक्षा वाईट. काकांकडे वडणग्याकडचं एक इंजिन आलं होतं, गावात अडायचं आणि शेडमध्ये आलं की झोकात चालायचं. मालक घेऊन जायला तयार, पैसेही काढून उभा. काका देईनात. "कारण सापडल्याबिगर चालू झालेलं इंजिन बंदच समजायचं," म्हणाले. रोज सकाळी आल्या आल्या हँडल मारून मूठ कानाला लावायचे. उसाला पाण्याची पाळी आली, शेवटी तो शेतकरी चार भाऊबंद घेऊन आला आणि भांडून इंजिन घेऊन गेला. पुढं त्याचं काय झालं ते काकांनाही कळलं नाही, आणि ते त्यांना बराच काळ खात राहिलं. जेवताना मधेच विचारायचे, "वडणग्याकडचं कुणी भेटलं का?"

परवा भाचा आला. पुण्याला शिकतो, लॅपटॉप पापडासारखा पातळ. मी डिस्कला कान लावून बसलेला बघून त्याला हसू आवरेना. त्याच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, त्यात काही फिरतच नाही.

"मग बिघडत आली हे कळतं कसं?"

"कळत न्हाई, मामा. एक दिवस दिसायचीच बंद होते."

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. मग म्हणाला, माझी २५६ जीबी भरलीय, ही तुमची नेऊ का? चालू हाय न्हवं?

मी म्हणालो, "हाय बी आणि न्हाई बी. महत्त्वाचं काही ठेवू नको."

त्यानं पहिला भागच ऐकला. डिस्क, दोन शेपट्यांची केबल आणि आईनं दिलेली चटणी एकाच पिशवीत कोंबून तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. अजून तरी फोन नाही.